पांढऱ्या कागदावरची पाच बोटे

सोनपेठ, मंगळवार

ती. दत्तरावमामांस राजेश्रीचा नमस्कार. कंबर बरी असेल असे धरून लिहिते. नसेल तर बसून वाचावे. घडले ते क्रमाने :

१. आपल्या बियाणे गटातल्या बारा घरांच्या सोयाबीनचे प्रत्येकी शंभर दाणे मांडून मी फोटो काढले.
२. संगणकाने डागी दाणे मोजले.
३. तुमचे बियाणे पहिले आले. शंभरात सत्त्याण्णव स्वच्छ.
४. ते तुमच्या अख्ख्या चुडाव्याला कळले.
५. मोजणी चुकीची होती.

आता कारण. आमच्या खोलीत एकच दिवा, तोही डावीकडे. त्यामुळे उजवीकडचे दाणे काळपट दिसतात आणि संगणक काळपट दाण्याला डागी समजतो (त्याचा दोष नाही, शिकवणारी मीच). यावर उपाय सोपा आहे. आधी त्याच जागी, त्याच उजेडात कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो घ्यायचा. कागद जिथे काळसर दिसेल तिथे उजेड कमी, असे समजून संगणक पुढच्या सगळ्या फोटोंत तेवढी जागा उजळतो. मी कागद ठेवला आणि चार्जर आणायला गेले. तेवढ्यात तुमच्या भगिनींनी, म्हणजे आमच्या आईने, त्याच्या उजव्या कोपऱ्यात हळदीकुंकवाची पाच बोटे लावली. नंतर विचारले तर म्हणाली, “कोऱ्या कागदावर कुणी काम सुरू करतंय का? बियाण्याचं काम हाय, बाई.” मी परत येऊन न बघता बटण दाबले (ही चूक माझी, आईच्या नावावर टाकत नाही). संगणकाने बोटांना अंधार मानले आणि बाराही फोटोंत त्या जागा इतक्या उजळल्या की तिथला कुजका दाणाही गोरा दिसला. (आई म्हणते, “बघ, गुण आला की न्हाई!”)

चूक कळेपर्यंत बाबांनी दिवा गोठ्यात नेऊन टांगला होता, म्हणून त्याच उजेडात कोऱ्या कागदाचा फोटो पुन्हा घेता येईना आणि जुने फोटो दुरुस्त होईनात. नवा कागद, नवे फोटो; अकरा घरांचे बियाणे व्यवस्थित पास झाले. तुमचे राहिले, कारण पहिला नंबर म्हणून तुमचे पाकीट लोकांनी बघायला मूठमूठ करून नेले. बोटांखाली तुमचे चौदा दाणे होते. म्हणजे सत्त्याण्णवांतले त्र्याऐंशी नक्की चांगले, आणि गटाची अट पंच्याऐंशीची. चौदांत दोन चांगले निघाले तरी पुरे. जास्तच निघतील, असे मला वाटते. एक मूठ पुन्हा पाठवा.

आपली,
राजेश्री

ता. क. मामींनी दाणे निवडून पाठवू नयेत. पोत्यात हात घालून येईल ती मूठ.

ता. क. दुसरा : मूठ एसटीने कुणाबरोबरही येईल. खरे काम वेगळे आहे. रविवारच्या बैठकीत पहिली मोजणी चुकली हे मला उभे राहून सांगायचे आहे. गटातले बन्सीधरकाका आताच विचारायलेत, “पोरीच्या मोबाइलवर पेरणी करायची का?” लोकांचा विश्वास उडाला तर बाराही घरे चांगले बियाणे घरात ठेवून विकतचे आणतील. ज्यांचा पहिला नंबर गेला तेच शेजारी बसलेले असले, तर मला बोलणे सोपे जाईल. येणार की नाही, शुक्रवारपर्यंत कळवा.