पाइन ब्रूकची हमखास जागा

२६ मार्च, सोमवार

मुख्यमंत्र्यांनी अखेर आमच्या बेटाच्या प्रांताची निवडणूक लावली. चार आठवडे आहेत. पाइन ब्रूकची जागा माझीच, त्यामुळे आपल्याला घोर नाही. चारदा निवडून आलोय. या खेपेला मंत्रिपद मिळेल, बहुतेक शेतीखातं. बायकोला, वेल्माला सांगितलं. ती म्हणाली, मंत्री हो नाहीतर राजा हो, आधी तळघरात पाणी शिरलंय ते उपस.

पेपरातला सर्व्हे म्हणतो, सरकार जाणार. हे सर्व्हेवाले बरोबर जेवणाच्या वेळी फोन करतात. तोंडात बटाटा असताना कोण खरं बोलणार?

संकल्प: रोज सहाला उठणे. एकूण एक दार ठोठावणे. गोड बंद.

२७ मार्च

उठायला साडेआठ झाले. उद्यापासून नक्की.

विरोधात जोसेट शियासन उभी आहे. गुरांची डॉक्टर. बाई गुणी आहे, अर्ध्या बेटाच्या गाई तिच्या हातून व्यायल्या. पण गाईंना मत नाही, हे तिला कोणीतरी सांगायला हवं.

२९ मार्च

प्रचार सुरू. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून माझा एक हिशेब बसलाय, तो इथे लिहून ठेवतो. दारातच उभं ठेवलं, तर मत गेलं. स्वयंपाकघरात बसवून चहा दिला, तर मत आपलं. आज एकाही घरानं दारात उभं ठेवलं नाही. सगळीकडे चहा, वर काकवीची बिस्किटं. त्यामुळे गोड बंदचा संकल्प पक्षहितासाठी स्थगित.

पोट बिघडलंय. पण मतं खिशात.

वेल्मा म्हणाली, अरे, या बेटावर कर्जवसुलीवाल्यालासुद्धा चहा देतात. तिला राजकारण कळत नाही.

३ एप्रिल

लोकांच्या अंगणात प्रचाराच्या पाट्या लावायला सुरुवात. वेंडल हार्परच्या अंगणात माझी पाटी लागली. शाळेपासूनचा मित्र, ती लागणारच. मात्र तिच्या मागे जोसेटचीही होती. मी विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, आल्डन, अंगण मोठं आहे. मी म्हटलं, पण माझी पाटी तिच्या पुढे आहे, हे बरं केलंस. तो म्हणाला, हो, समुद्रावरचा वारा फार आहे, तिला आडोसा होतो.

म्हणजे पुढे मीच.

६ एप्रिल

आज कामाचा दिवस. मुरिएल प्राऊस आजींच्या रस्त्यावर रस्तेखात्याची माणसं येऊन डांबरीकरणाच्या खुंट्या ठोकून गेली. नारिंगी फिती लावलेल्या, लांबून झळकतात. मी स्वतः उभा होतो. आजी नव्वदीच्या. काठी टेकत फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, पोरा, मागच्या निवडणुकीच्या खुंट्या फार टिकाऊ निघाल्या, वाटाण्याचे वेल छान चढले. या वेळच्या जरा बुटक्या वाटतात. घेवडा लावायचा विचार होता.

लोकांच्या अपेक्षा वाढताहेत. विकासाची हीच खूण. खात्याला फोन करून लांब खुंट्या मागवल्या.

परतताना त्याच रस्त्यावर गाडी चिखलात रुतली. वेंडलनं ट्रॅक्टरनं ओढून काढली. म्हणाला, खुंटीला धरून चालत यायचं होतंस.

१२ एप्रिल

हॉलमध्ये उमेदवारांची सभा. खुर्च्या कमी पडल्या. कोणीतरी विचारलं, प्राऊसबाईंचा रस्ता कधी होणार? मी ठासून सांगितलं की पाहणी पूर्ण झाली आहे. सगळा हॉल हसला. किती वेळ हसत होते. इतकी आपुलकी मी आजवर पाहिली नव्हती.

जोसेट भाषणात म्हणाली, रस्त्याचं मी आज सांगू शकत नाही, आधी कागद बघते. बिचारी. स्वतःच्या तोंडानं सांगितलं की माहीत नाही म्हणून.

वेल्मा घरी येताना गाडीत डोळे मिटून बसली. थकली असेल.

१७ एप्रिल

मुख्यमंत्री आज इथे येणार होते. आले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात त्यांना अचानक घरोघर फिरावं लागतंय म्हणे. ऑफिसातला माणूस फोनवर म्हणाला, तुम्ही तुमचं बघून घ्या. माझ्यावर केवढा विश्वास.

मी हिशेब मांडला. चहा, अधिक बिस्किटं, अधिक दोन घरी चक्क मटणाचं सूप. विजय दणदणीत आहे. शेतीखातं लहान पडेल. अर्थखातं मागावं काय?

२२ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलले. आतापासूनच मान देताहेत.

उद्याच्या विजयोत्सवासाठी मोठा हॉल सांगायला गेलो, तर तो आधीच गेलेला. कोणी घेतला ते सांगेनात. वेल्मानं आमच्या घरीच सँडविच करायचं ठरवलं. मी म्हटलं, शंभर माणसांची कर. तिनं एक पाव आणला.

२३ एप्रिल, मतदान. संध्याकाळी सहा

दिवसभर गाडीवर होतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांना मतदानाला नेण्याची आपल्याकडची रीत, ती मी कधी चुकवली नाही. कोणाचं मत कोणाला, हे विचारायचं नसतं. विचारायची गरजही नव्हती. मुरिएल आजी तिघी मैत्रिणींना घेऊन मागे बसल्या, वाटेत गाणी म्हटली. उतरताना माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, तू भला पोरगा आहेस, मनाला लावून घेऊ नकोस. यश डोक्यात जाऊ देऊ नकोस, असंच त्यांना म्हणायचं असणार.

इतकी गर्दी मी कधी पाहिली नाही. निम्मी तर मीच आणली.

त्याच दिवशी, पावणेआठ

टीव्हीवाल्यांची काहीतरी चूक होते आहे. कॉफी गाळून होईपर्यंत आमचं सरकार गेलं म्हणून सांगितलं. मुख्यमंत्रीही पडले. मी म्हटलं, पाइन ब्रूकचं थांबून बघू, म्हणजे विरोधी पक्षनेता तरी मीच.

आठ

पाइन ब्रूक पहिल्या दहा मिनिटांतच गेलं होतं. आम्ही दुसरं चॅनल लावून बसलो होतो. पक्षाचा एकही उरला नाही.

फोन वाजला. मला वाटलं, मुख्यमंत्री. मुरिएल आजी होत्या. म्हणाल्या, पोरा, जोसेटच्या समारंभाला जायचंय, तेवढं सोडतोस? तू नाहीतर दुसरं कोण येणार.

सोडून आलो. चौघींनाही. मोठा हॉल जोसेटनंच घेतला होता. दारात उभा होतो, तर तिनं आत ओढून नेलं, बसवलं, चहा दिला.

२४ एप्रिल, मंगळवार

सकाळपासून लोक येताहेत. आपल्याकडे कोणाच्या घरी माणूस गेलं की शेजारी रांधून आणतात, तसे. टोपात चाउडर म्हणजे माशांचं दाट सूप, परातीत खिमा-बटाट्याचा शेफर्ड्स पाय, केक. ओटा भरला, मग तळघराच्या पायऱ्यांवर ठेवलं. सगळे माझा हात हातात घेऊन म्हणतात, फार वाईट झालं. मी वेल्माला म्हटलं, बघ, इतकं प्रेम आहे, पुढच्या खेपेला... ती म्हणाली, आल्डन, प्रेम होतंच रे. त्यांना तू हवा आहेस, फक्त आमदार म्हणून नको. मग म्हणाली, कालचं पहिलं मत तुला मीच दिलं हो. त्यानंतर किती वेळ माझ्या शेजारी बसून होती.

दुपारी वेंडल आला. हातात काही नव्हतं. म्हणाला, गुरुवारपासून बियाण्याचे बटाटे कापायचेत, माणूस कमी आहे, येतोस का? मी म्हटलं, अरे, आत तर ये, बस, चहा ठेवतो. तो दारातच उभा राहिला. म्हणाला, चहा पाजून वाटेला लावू नकोस मला. यायचं आहे की नाही, ते सांग.

येतो म्हटलं. सकाळी आठ वाजता. सुरी आपली आपण न्यायची आहे, तिला धार लावायला हवी.