पाळण्यातलं शेवटचं अक्षर

आई, तुझ्या पाळण्याचं मी काय केलं ते तुला सांगायचंय. तू असतीस तर आधी पाठीत धपाटा घातला असतास आणि मग म्हणाली असतीस, "हं, बोल आता."

मागच्या खोलीत भिंतींना रजया टांगून मी स्टुडिओ थाटला, तेव्हा तू कपाळावर हात मारून घेतला होतास. "अगं, रजया उन्हात घालायच्या असत्यात! लोकं काय म्हंतील?" पण खरा उपाय तूच काढलास. माधवनगरात दिवसभर शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट. वीज गेली की ते थांबायचे, आणि तू पदराला हात पुसत यायचीस. "गप झालं एकदाचं मेलं. लाव तुजं मशीन." लॅपटॉप बॅटरीवर, तू माइकसमोर पाटावर मांडी घालून. तुझा पाळणा आपण तसाच घेतला, थोरल्या नातवाचं बारसं झाल्यावर. गल्लीत कुणाचंही बारसं असो, पाळणा तूच म्हणायचीस. कडवी तुझी तूच जुळवलेली, शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव. रेकॉर्डिंगला मात्र नावाच्या जागी तू नुसतीच गुणगुणलीस. मी म्हटलं, "आई, नाव घे की." तू डोळे वटारलेस. "न्हाई. नाव पाळण्यात एकदाच घालायचं असतंय, बारशाला. ते झालं. पोरगं काय दोनदा जन्मलंय व्हय?" मी चिडले. आता कळतंय, ती जागा तू मोकळी सोडलीस तिथंच सगळा घोळ झाला.

तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी आपल्या धाकट्याला, माझ्या भावाला, मुलगी झाली. तो फोनवर म्हणाला, "ताई, बारशाला आईचाच पाळणा लावू. जागा मोकळीच हाय की! तेवढं नाव बसव. तुझं रोजचंच काम हाय ते." आहेच माझं रोजचं काम. तासगावची, दहिवडीची भजनी मंडळं येतात, मी बेसूर बुवांना सुरात आणते, धाप लागलेली कापते, दोन ओळींची एक ओळ करते. कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून मी हो म्हणाले. नाव धाकट्यानं आणि वहिनीनं ठरवलेलं. आत्या म्हणून ते कानात सांगायचा मान तेवढा माझा.

पहिली अक्षरं तुझ्या कडव्यांतच मिळाली. शेवटचं अक्षर मिळेना. 'री.' सगळा पाळणा पालथा घातला, तू भाजीवाल्याशी भांडतानाचं रेकॉर्डिंगसुद्धा ऐकलं. तुझा स्वच्छ 'री' एकाच ठिकाणी होता, दवाखान्यातून तू पाठवलेल्या शेवटच्या व्हॉइस मेसेजमध्ये. "मला घरी ने गं." डॉक्टर सोडायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी नेली तुला घरी, पण तशी नव्हे गं.

मी ते 'घरी' कापलं. 'घ' टाकून दिला, 'री' घेतला. तो होता एवढासा, थकलेला. पाळण्यात तर नावाचं शेवटचं अक्षर लांबवायचं असतं. मी तो ताणला, सूर वर चढवला, मागचा सलाइनच्या स्टँडचा किणकिणाट पुसला. ताणल्यावर आवाज थरथरायला लागला, तो काही केल्या जाईना. शेवटी थोडा घुमारा देऊन झाकला. हे सगळं तपासायला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो, आई. बाळाच्या कानात जायच्या आधी तिचं नाव मी तुझ्या तोंडून किती वेळा वदवलं, माझं मलाच माहीत नाही. तू एकदाच म्हणायचीस.

बारशाला स्पीकर लावला. मी पाळण्यात वाकून नाव सांगितलं, पोरांनी माझ्या पाठीवर धबाधब बुक्के घातले, आणि तू गायला लागलीस. शेजारच्या मावशी तर हुंदकेच द्यायला लागल्या. "बया, जित्ती हाय गं बाई ही!" धाकटा मला मिठी मारून रडला. मी हसत होते, घुगऱ्या वाटत होते. 'री' आला तेव्हा मला ती दवाखान्यातली कॉट दिसली. बाकी कुणालाच दिसली नाही, माझं काम चोख झालं होतं.

आता पोरगी बोलायला लागलीय. ती रोज त्या पाळण्यावरच झोपते, दुसरं काही चालत नाही. आणि ती आपलं नाव सांगते ना, तेव्हा शेवटचं अक्षर लांबवते, बारीक थरथर काढून. सगळे हसतात. धाकटा कौतुकानं म्हणतो, "बघ ताई, आज्जीवर गेली! आईसारखंच म्हणतीया." तुझ्या गळ्यात ती थरथर कधीच नव्हती. ती मी केली, तुझं मागणं ताणून. फाइल पुसून टाकावी म्हटलं तर पोरगी झोपायची नाही. धाकट्याला सांगावं, तर त्याला पुन्हा तो पाळणा ऐकवायचा नाही. तुला लिहावं म्हटलं, तर तू त्या दवाखान्यातून घरी पोचलीस की नाही, हेच मला कळत नाही.

काल ती माझ्या मांडीवर बसली आणि म्हणाली, "आत्ये, माजं नाव सांग." मी म्हटलं, "तू माझी सोनी." "न्हाई, नाव!" मी तिला खाऊ देऊन उठले. आई, तिच्या कानात नाव सांगणारी आत्या मी. बारशापासून आजपर्यंत मी तिला एकदाही नावानं हाक मारलेली नाही.