तिला कळवू नका

पप्पा,

मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं सगळे सांगतात. का धरू नये? तुम्ही गेलात म्हणून तुम्ही केलेलं बरोबर ठरत नाही. मोठा माणूस सांगतो म्हणून खरं मानायचं नाही, हे वर्गात तुम्हीच शिकवायचात. मीही त्याच वर्गात बसलेली होते, तेव्हा आज माझंही ऐकून घ्या.

तो मे महिना आठवा. बदनापूरच्या घरातलं स्वयंपाकघर, पंखा नुसता गरम हवा ढकलतोय, आई आणि आत्या परातीभोवती बसून शेवया मोडून ठेवतायत, आणि मी सगळ्यांना सांगतेय की विद्यापीठानं माझी निवड केलीय, उन्हाळ्यात कंबोडियाला जायचंय. तिथल्या चाम मुसलमानांच्या गावात राहायचं. एका राजवटीत त्यांची नमाज बंद केली होती, भाषा बंद केली होती, माणसं उचलून नेली होती. जे परत आलेच नाहीत त्यांच्या गोष्टी घरातल्या बायका पोरांना कशा सांगतात, हे लिहून आणायचं. आत्यानं डोक्याला हात लावला. "बुद्धाच्या देशात जाऊन राह्यली तर बुद्धाचं काहीतरी कर की! मुसलमानांचं काय घेऊन बसली?" तुम्ही भिंतीला टेकून बसला होता. म्हणालात, "जे लय हायेत त्यांना सगळेच इचारतात. जे थोडे हायेत त्यांना कोण इचारतं? जाऊ दे तिला." मला तेव्हा तुमचा किती अभिमान वाटला होता! त्याच दुपारी जेवताना तुम्ही अर्धी भाकर ताटात ठेवून उठलात. "उन्हात जेवण जात न्हाई," म्हणालात. मी मान डोलावली. तुम्ही आणि दादा आदल्याच आठवड्यात औरंगाबादच्या दवाखान्यात जाऊन आला होता. पोटात काय आहे ते तुम्हाला कळलं होतं, दादाला कळलं होतं, परातीवर वाकलेल्या आईलाही कळलं होतं. मला सांगितलं होतं, शाळेचं प्रशिक्षण होतं.

आणि हे करणारा माणूस कोण? मी सातवीत असताना आजी बोअरपाशी घसरून पडली, हात मोडला. तुम्ही खरंच प्रशिक्षणाला गेल्तात. आई म्हणाली, उगं काळजी करतील, आल्यावर सांगू. आल्यावर तुम्ही आजीचा प्लास्टरमधला हात बघितला आणि दारातच पिशवी टाकली. तुमचा तसला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "माझी माय पडली अन् मलाच न्हाई सांगितलं? कोणी ठरवलं हे? मी काय परका हाये?" आई पदर तोंडाला लावून उभी. मी दाराआड. तुम्ही त्या संध्याकाळी जेवला नाहीत. मी दाराआडून शिकले की आपल्या घरात असं करायचं नसतं. पक्कं शिकले मी. तुम्हीच विसरलात.

मी निघाले त्या दिवशी स्टेशनवर माझी बॅग दादानं उचलली. एरवी तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. मी चेष्टा केली, "काय गुरुजी, साहेब झालात वाटतं?" तुम्ही हसलात. गाडी हलल्यावर खिडकीच्या गजावरचा हात तुम्ही जरा उशिरानं काढला. तेव्हा बोलता आलं असतं. पुढच्याच स्टेशनवर उतरून मी परत आले असते.

त्या गावाबद्दल मी तुम्हाला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं. आज सलग सांगते. मेकाँग नदीच्या काठावर लाकडी खांबांवर उभी घरं, खाली गाई आणि कोंबड्या, मागं एक छोटी हिरवी मशीद. मी ज्या घरात राहिले तिथली बाई चाळिशीची होती. डोक्याला घट्ट रुमाल, हात सतत मासे साफ करण्यात. माझ्यासोबत दुभाषी म्हणून तिथल्या कॉलेजची एक मुलगी होती, पण सलाम आणि दुवा हे शब्द दुभाष्याशिवाय कळायचे, आणि तेवढ्यानंच मला बदनापूरच्या बाजारातल्यासारखं वाटायचं. त्या बाईची आई त्या राजवटीत नेली गेली होती. कुठं नेली, कधी मेली, कुठं पुरली, काही माहीत नाही. ही तेव्हा कडेवरची पोर. तिच्या म्हाताऱ्या वडिलांनी तिला वाढवलं. म्हातारा दिवसभर जिन्याच्या पायरीवर बसून जाळं सांधायचा आणि मला बघितलं की हिंदी सिनेमातल्या एका नटाचं नाव घेऊन हसायचा.

जुलैत एका सकाळी तो म्हातारा पायरीवरच गेला. बाईनं आधी काय केलं असेल? रडली नाही. ओल्या हातानं फोन उचलला आणि मलेशियात बांधकामावर असलेल्या भावाला लावला. मग रडली. भाऊ लगेच निघाला. मयताला आंघोळ झाली, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, माणसं जमली, आणि सगळे भावासाठी थांबले. एक रात्र थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या बुजुर्गांनी सांगितलं की आता या उकाड्यात आणखी थांबवणं बरं नाही. दफन केलं. भाऊ पोचला तो दिवस मावळायला आला तेव्हा, एका मोटारसायकलच्या मागे बसून, सिमेंटनं माखलेल्या बुटांनिशी. तो घरात गेलाच नाही. थेट कबरीपाशी गेला, दोन्ही हात ओल्या मातीत खुपसले आणि बहिणीवर ओरडला, थोडं थांबता आलं नाही का? मग खालच्या आवाजात काहीतरी म्हणाला. दुभाषी मुलगीही रडत होती, तिनं मला उशिरा सांगितलं. तो म्हणाला होता, "निदान मी वाटेत तरी होतो."

दुसऱ्या दिवशी बाईनं मला विचारलं, तुझे वडील आहेत? मी म्हटलं, आहेत. ती म्हणाली, मग फोन कर.

मी केला. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही जिथं असाल तिथं. मी मशिदीमागच्या बांधावर उभी राहून तुम्हाला हे सगळं सांगितलं, मातीतले हात, बूट, ते वाक्य. मग विचारलंत, "मंग त्याला कळवलं कोणी?"

"बहिणीनं."

"लगेच?"

"लगेच. सगळ्यात आधी."

"बरं केलं तिनं," तुम्ही म्हणालात. आणि वर, "तुझं काम बराबर चालू हाये ना?"

बरं केलं तिनं! पप्पा, हे शब्द मी इतक्या वर्षांत किती वेळा उगाळले असतील. तुमच्या तोंडून हे निघालंच कसं? तुम्ही अंथरुणावर होता. दादा तुमच्या उशाशी बसला होता. तुम्हाला कळत होतं की मी तुम्हाला माझीच गोष्ट सांगतेय. परक्या देशातल्या बाईला तुम्ही शाबासकी दिलीत आणि आपल्या घरात सगळ्यांची तोंडं बांधून ठेवलीत. त्या माणसाला निदान वाट मिळाली होती. मला तुम्ही वाटसुद्धा मिळू दिली नाहीत.

त्यानंतर मी फोन केला की आई घ्यायची. पप्पा कुठंयत? शाळेत गेलेत. पप्पा? झोपलेत. पुन्हा, शाळेत गेलेत. आईनं मला दुसऱ्यांदा 'शाळेत गेलेत' सांगितलं तेव्हा तुम्हाला अग्नी देऊन झाला होता.

ऑगस्टमध्ये मी आले. स्टेशनवर दादा एकटाच. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत तुमच्यासाठी आणलेला तिथला चौकटीचा सुती पंचा होता, आणि मी गाडीतून उतरता उतरताच तो काढायला लागले होते. दादा म्हणाला, "पप्पा गेले." मी विचारलं, कुठं? खरंच विचारलं मी तसं. मग त्यानं सगळं सांगितलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमसुद्धा उरकला होता. भंतेजी येऊन गेले, गाव जेवून गेलं. ज्या आत्याला माझं जाणं पटलं नव्हतं, ती शेवटच्या दिवशी तुमच्याजवळ होती. मी ती पिशवी दादाच्या अंगावर फेकली. तो म्हणाला, "त्यांनीच शपथ घातल्ती. तिला कळवू नका म्हणले. तिचं काम अर्ध्यावर राहील म्हणले." फलाटावरची माणसं बघत होती. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

माझं काम अर्ध्यावर राहिलं नाही. पुरं झालं, पदवी मिळाली, नोकरी लागली, पुण्यात घर झालं. तुमच्या हिशेबानं सगळं ठीक. पण त्या दफनाचा भाग मला कधीच लिहिता आला नाही. मार्गदर्शक बाई म्हणायच्या, तुझ्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, ती का वगळतेस? काय सांगणार होते मी त्यांना? आणि दादाशी मी वर्षानुवर्षं कामापुरतं बोलले. त्याच्या लग्नातही पाहुण्यासारखी आले आणि गेले. हेही तुमच्याच खात्यावर. शपथ तुम्ही घातलीत आणि तुमच्या वाटचा राग त्यानं सोसला.

हे सगळं आज का लिहितेय? गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. "आईला जालन्याला ॲडमिट केलंय. न्यूमोनिया म्हणून राह्यले डॉक्टर. ती म्हणती तुला सांगू नको. मी सांगून राह्यलोय. तू निघ." मी निघाले. दवाखान्यात पोचले तर आई ऑक्सिजनच्या नळीतून दादावरच चिडलेली. "कशाला बोलावलं हिला? हिच्या पोरीच्या परीक्षा हायेत." दादा म्हणाला, "एकदा ऐकलं ना तुमचं. आता बास." मग तो बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला. मी त्याच्या मागं गेले. त्यानं चहा आणला, अर्धा मला दिला.

आई आता घरी आलीय, बरी आहे. काल दुपारी तिला मऊ भात भरवताना मी विचारलं, एकदाही त्यांना वाटलं नाही का गं? एकदाही? आईनं घास थांबवला. "तुझा तो फोन आल्ता ना, त्या मलेशियावाल्या पोराचा. फोन ठेवला अन् लय रडले. मला म्हणले, बोलव तिला. भ्याले होते गं ते. मी म्हणलं, आत्ताच लावते. तर म्हणले, सकाळी लाव. अन् सकाळी म्हणले, राहू दे."

मी भात भरवायचं पुरं केलं. तोंड पुसलं तिचं. मग मागं जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासली. राहू दे म्हणायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? एवढं जवळ आला होतात, पप्पा. एक फोन. मी मशिदीमागच्या त्या बांधावरूनच निघाले असते, अंगावरच्या कपड्यांनिशी.

माझा राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही, आणि गेला तर तुमच्याशी बोलायला माझ्याजवळ काय उरेल कोण जाणे. हा कागद मी आईलाही दाखवणार नाही, दादालाही नाही. फक्त एक सांगते. तुम्ही भ्याला होता, आणि भ्याल्यावर तुम्हाला मी हवी झाले, हे ऐकल्यावर मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं.