गावची पहिली डॉक्टर

उचगाव,
८ सप्टेंबर २०२५

चि. पूर्णिमास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझा मोबाइल बंद लागतो, म्हणून कागद घेतला. अगं, नर्सिंगच्या यादीत तुझं नाव आलंय! तीस तारखेच्या आत कॉलेजात हजर व्हायचं. राहायला माझं घर आहे, तुझ्या हातची कच्ची भाकरीसुद्धा मी मुकाट्यानं खाईन. माझ्यानंतर आपल्या वाडीतली एकही मुलगी दवाखान्याच्या नोकरीत आली नाही. इतकी वर्षं मी वाट बघतेय. डॉक्टरकी हुकली म्हणून रडत बसू नकोस.

लोभ आहेच, तो घ्यायला लवकर ये.

तुझी,
प्रमोदिनीआत्या

बिद्री,
१४ सप्टेंबर

ती. आत्यास शि. सा. न.

मोबाइल आबांनी काढून घेतलाय. मी डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा पास झाले तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता फाट्यावर फ्लेक्स लावला. माझा फोटो आणि खाली 'गावची पहिली डॉक्टर'. पास होणं वेगळं, सीट मिळणं वेगळं, हे मी सांगत राहिले आणि ते पेढे वाटत राहिले. आता शेजारची चिमणाबाई गुडघे दाखवायला येते, पोरं म्हणतात, डॉक्टरीणबाई, आमची म्हस तपासा की. आबा म्हणतात, फ्लेक्सवर डॉक्टर लिवलंय, आता नर्स म्हणून कंच्या तोंडानं सांगू? आत्या, तू ये. तुझं तरी ऐकतील.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

पूर्णिमा

उचगाव,
२२ सप्टेंबर

चि. पूर्णिमास आशीर्वाद.

काल मी आले तेव्हा तुला गोठ्यात पिटाळलं, म्हणून तू काही ऐकलं नसशील. मी दादाला, तुझ्या आबांना, समजावलं, चिडले, शेवटी हात जोडले. तो म्हणाला, तू नर्स झालीस, तुझा फ्लेक्स लावला व्हता का कुणी? पोरी, गेल्या साली त्याच्या पायाची जखम चिघळली तेव्हा महिनाभर रोज मीच धुतली. त्याच पायावर उभा राहून हे बोलला माझा सख्खा भाऊ.

तीस तारखेला मी कॉलेजच्या दारात थांबते. जमेल तशी ये. लोभ आहे, धीरही असू दे.

आत्या

बिद्री,
१२ ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. न.

तू दारात संध्याकाळपर्यंत थांबलीस, हे आईनं सांगितलं. आबांनी नेमके त्याच दिवशी पावणे बोलावले होते. मी साडी नेसून पोहे दिले. शिक्षणाचं विचारलं तेव्हा आबा म्हणाले, डॉक्टरकी पोरीनंच सोडली. मी रिकाम्या बश्या उचलत राहिले. तुळशीचं लग्न झालं की माझं. मला आता कशाचंच काही वाटत नाही, आत्या, याचीच भीती वाटते.

फ्लेक्स फाट्यावरून काढला. कापड चांगलं जाड आहे म्हणून आबांनी तो गोठ्यावर बांधलाय. धार काढताना वर बघितलं की मीच दिसते.

काल तिथंच आपल्या धाकट्या सईनं हळूच विचारलं, ताई, नर्स व्हायला काय लागतं? नववीत आहे ती. मी तिला आधी एवढंच सांगितलं, की हे घरात कुणाला कळू देऊ नकोस.

माझ्यावरचा लोभ आता तिच्यावर असू दे.

पूर्णिमा