ओ न आल्यामुळे बुडालेले वाल

किन्हवलीच्या जनीस,

थोरल्या बहिणीचा, ठमीचा, आशीर्वाद. ठेव नायतर चुलीत घाल. इकडं सगळी जिती आहेत, त्यालाच खुशाली म्हणायची. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या डोळ्यांना सकाळीसुद्धा संध्याकाळच दिसते. (मोतीबिंदू काढायला शहापूरला सोबत येशील का, असं तुझ्या सुनेच्या, अनिताच्या तोंडी विचारलं होतं. ती निरोप पोचवते का गिळते, तिचं तिला ठाऊक. तुझा ओ आला नाय. तो विषय मी काढणार नाय.)

यंदा तुझ्या वाट्याचे वाल येणार नायत. बुडाले. माझा नातू दीपेश घरी बसून कॉम्प्युटरचं काम करतो ना, त्यानं एक नवीन सोय बनवायला घेतली आहे. लांबच्या मशीनला काम सांगायचं, घरातल्या माणसाला सांगावं इतकं सोपं. (घरातल्या माणसाला काम सांगणं सोपं असतं, हे त्याला कोण बोललं?) कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत तो ते लिहितो ती तुझ्या सासूसारखी: कुणाचं भांडं कुणी उसनं नेलं, परत कधी येणार, हे कबूल केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाय. दीपेश रडकुंडीला येतो आणि म्हणतो, आधी रडलेलं बरं, मागाहून रडावं लागत नाय.

मागाहूनच रडलो. यंदा जमिनीत ओल कमी, म्हणून ओटीवर बसूनच त्यानं विहिरीची मोटार चालू-बंद करायला बसवलेल्या डब्याला सांगितलं, वालाला एक पाळी पाणी दे. आपल्यात खाचरापलीकडनं हाक आली की ऐकणारा ओ देतो, नायतर हाक मारणारा ओरडतच राहतो. याचंही तसंच. डब्याचा ओ येईना, म्हणून याचं मशीन पुन्हा हाक मारी, पुन्हा मारी. "रेंज नाय आजी, काय पोचलंच नाय," म्हणे. मी म्हटलं, मग उठून बघ की रे मेल्या. पण उठायचं असतं तर मशीन कशाला? शेवटी मीच चाचपडत गेले, तर वाल गळ्यापर्यंत पाण्यात. हाक दरवेळी पोचली होती गो. डब्यानं दरवेळी नवी पाळी दिली होती. वाटेत हरवला तो फक्त ओ. मुळं कुजली, शेत पिवळं पडून मेलं.

मी काय काय बोलले ते लिहायला कागद पुरायचा नाय. तो खाली मान घालून म्हणाला, "उत्तर आलं नाय म्हणजे काम झालं नाय, असं धरलं. तिथं चुकलं." आता म्हणे हरेक हाकेला खूण बांधली आहे, तीच हाक परत आली तर डबा नुसता ओ देईल, पाणी नाय. वाल मेल्यावर शहाणपण.

तुझी,
ठमी

ता.क. त्याचं ते बोलणं डोक्यातनं जात नाय. तू ओ दिलाही असशील. मी तर तुला मेलेली धरून बसले होते, तेरावं तेवढं घालायचं राहिलं होतं.

आणखी ता.क. म्हणूनच उत्तर धाडू नको, तेही वाटेत हरवायचं. फोन नको, अनिता तर नकोच. तूच ये. तोंड दिसायचं नाय मला, तेव्हा बांधावरनं हाक मार. मी ओ देईन.

आणि येताना वाल आण.