निळी फुलं आणि रिकामी वाटी

आई,

आज माझ्या बाल्कनीतल्या हायड्रेंजियाला निळी फुलं आली, आणि तुझ्याशी बोलणं आणखी टाळता येईना. मुलुंडच्या घरी व्हरांड्याच्या सावलीत तुझी कुंडी होती. शेजारच्या काकूंनी महाबळेश्वरहून आणलेल्या झाडाची फांदी तुला लावून दिली होती. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. इथल्या उकाड्यात हे जगायचं नाही, असं बाबा म्हणाले, म्हणून तू ते हट्टानं जगवलंस. पहिल्या वर्षी काकूंच्या झाडासारखीच गुलाबी फुलं आली, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला तू हात धरून दाखवायचीस.

मग धाकटीच्या वेळी तू बाळंतपणाला माहेरी गेलीस, चांगले पाच महिने. पाण्याचं काम माझ्यावर आलं. विहिरीचं पाणी गढूळ, त्यात तुरटी तीन-चार वेळा फिरवून काढून ठेवायची आणि तळाचा गाळ लांब गटारात ओतायचा. मी मुलखाची आळशी. खडा हंड्यात टाकूनच द्यायची आणि उरलासुरला गाळासकट तुझ्या कुंडीत. रोज. एवढी तुरटी जाते कुठे, म्हणून बाबा वाण्यावर डाफरत.

तू आल्यानंतरच्या बहराला फुलं निळी आली. काकूंची गुलाबीच. तुला वाटलं, तू नसताना त्यांनी आपलं झाड परत नेलं आणि दुसरंच ठेवलं. तू व्हरांड्यातच त्यांना विचारलंस, "दिलेलं परत हवं होतं तर मागायचं ना. कुंडी कशाला बदलायची?" त्या म्हणाल्या, "अहो, मी हातसुद्धा लावला नाही तुमच्या कुंडीला." मी शेजारीच उभी होते. मला रंगाचं काही कळत नव्हतं, पण कुंडीत आपण काय ओतलंय ते पक्कं माहीत होतं. मी हंडा उचलून विहिरीवर गेले.

दुसऱ्या दिवशी तू त्यांची लोणच्याची वाटी माझ्या हाती परत पाठवलीस. आपल्या घरातून वाटी कधी रिकामी जात नसे, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. त्या दिवशी ती घासून, पुसून, रिकामी दिलीस. काकूंनी वाटीत बघितलं आणि "बरं" म्हणाल्या. त्यानंतर एका भिंतीआड राहून तुम्ही दोघी वर्षानुवर्षं बोलला नाहीत.

कॉलेजात एकदा सरांनी सांगितलं की तुरटीत ॲल्युमिनियम असतं. माती आंबट असली की मुळं ते घेतात आणि हायड्रेंजिया निळा होतो. मातीत चुना असेल तर घेता येत नाही, मग तेच झाड गुलाबी फुलतं. घरी आले तर तू हंड्यात तुरटी फिरवत होतीस. "आज काय शिकवलं गं?" विचारलंस. मी म्हटलं, "काही विशेष नाही." मला तुझी भीती वाटली, आई, दुसरं काही नाही.

तू गेलीस त्या दिवशी काकू पिठलंभात घेऊन आल्या. किती वर्षांनी आपल्या उंबऱ्याच्या आत. मला म्हणाल्या, "खाऊन घे दोन घास." तेव्हा सांगता आलं असतं. मी त्यांचं पातेलं घासलं, पुसलं आणि परत नेऊन दिलं. सुतकात काही घालून द्यायचं नसतं, असं मी मनाशी म्हटलं. त्यांनी पातेल्यात बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी तशीच परत आले.