सोडायचा दांडा

सोम. ३ जुलै १९४४
धाकट्या भावाला, व्यंकूला, गोदामात विजेचा गाडा दिला. पन्नाशीत! आपण दांडा धरून पुढे चालायचं. तांदळाची पोती उचलून गाडा आपला आपण मागे येतो. बैल नाही, हमाल नाही. नियमांची इंग्रजी चोपडी घरी घेऊन आला. "अक्का, मराठीत लिहून दे. सिस्टरांच्या शाळेचा काही उपयोग होऊ दे." हसले. पण पाठीमागून एवढं वजन चालत येतंय, ही कल्पनाच सोसवेना.

मंगळ. ४
आठ नियम झाले. उतरणीवर सावकाश. चाकांपासून पाय लांब. गाड्यावर कोणी बसू नये. नववा त्या दांड्याबद्दल. इंग्रजीत त्याला म्हणतात ‘मेलेल्या माणसाचा दांडा’. घरात आम्ही दोघंच. त्यातल्या एकाच्या हाती हे कसं लिहून देऊ? अख्खा नियम गाळला. तुळशीपुढे दिवा लावला.

गुरु. ६
व्यं. लंगडत आला. नडगी सोललेली. उतरणीवर गाडा अंगावर आला. याने घाबरून दांडा घट्ट धरला, तर तो जास्तच जोरात आला. मुरुगन हमालाने बाजूला खेचलं, म्हणून वाचला. वर मुरुगनने ऐकवलं, "रायरे, हे काय देवाचं तेर आहे, रथासारखा दोर धरून ठेवायला?"
जेवताना व्यं. म्हणाला, "हात सुटला तसा गाडा आपोआप थांबला, अक्का. हे चोपडीत कसं नाही?"
होतं. नववा नियम तोच. हात सुटला की दांडा उभा राहतो, गाडा थांबतो. माणूस मेला तरी. म्हणून ते नाव.
मी सांबार वाढत राहिले.

शुक्र. ७
सकाळी सांगून टाकलं. रागावला नाही, ते जास्त लागलं. "अशुभ म्हणून? तू, इंग्रजी शिकलेली?"
मग अंगणात छत्रीच्या दांड्यावर सराव. मी ओढायची, ‘सोड’ म्हटलं की त्याने सोडायचं. दहा वेळा म्हटलं. दर वेळी मूठ अधिकच आवळली.
महामहमच्या स्नानपर्वणीला तळ्यावर हा तीन वर्षांचा, मी दहाची. त्या गर्दीत मीच बजावत होते, काही झालं तरी हात सोडू नको. सोडला नाही. मनगटावर त्याची नखं दोन दिवस उमटलेली होती.
मीच शिकवलेलं.

शनि. ८
आडुतुरै गावचा तांदूळ आलाय. आज पुन्हा तीच उतरण, आणि साहेब बघायला उभे. नववा नियम लिहून खिशात दिला. नाव बदललं: सोडायचा दांडा.
दारात त्याचा हात धरला होता, कळलंच नाही. "सरि, अक्का, बरं. आता सोड," तोच म्हणाला. मला वेळ लागला.

संध्याकाळ. गोदामाचा भोंगा होऊन गेला. तिथली मेलकावेरीकडची माणसं घरोघर पोचली. व्यं. आला नाही, मुरुगनही अजून दिसला नाही. पायरीवर बसलेय, छत्री मांडीवर. मूठ उघडून पाहते, पुन्हा मिटते.